नंदी पाच फूट वर गेला

आमच्या गावचं महादेवाचं देऊळ बघायला आता बाहेरगावचे लोक येतात. दगडी जोत्यावर गुलाबी फरशी, स्टीलचं रेलिंग, वर चकचकीत कळस. फोटो काढतात, छान झालंय म्हणतात. माझं मात्र त्या फरशीकडं बघितलं की डोकं फिरतं. देवळाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते गावाशी, तालुक्याच्या कचेरीशी, आणि सगळ्यांत जास्त माझ्या स्वतःशी.

मी नोकरी करते ती हिमालयात. हिमनद्या मोजण्याचं काम. ऐकायला मोठं वाटतं, पण त्यातलं बरंचसं काम खांब रोवणं आणि खुणा वाचणं एवढंच असतं. बर्फात भोक पाडून खांब उभा करायचा, काही महिन्यांनी जाऊन तो किती उघडा पडला ते बघायचं. म्हणजे तेवढा बर्फ वितळला. हिमनदीच्या पायथ्याशी तळं साचलेलं असतं. त्याची पातळी रोज वाचायची, कारण तळ्याचा मातीदगडांचा बांध फुटला तर खालची वस्ती धुऊन जाईल. पातळी वाढली की खाली निरोप द्यायचा. पगार मिळतो तो त्या निरोपाचा.

या कामातला पहिला धडा मी शिवी खाऊन शिकले. पहिल्याच वर्षी मी एका मोठ्या धोंड्यावर लाल रंगाची खूण केली आणि तिथून मापं घेत बसले. धोंडा खोलीएवढा होता, हलेल असं वाटलंच नाही. पण तो बर्फावर बसलेला होता आणि बर्फासोबत सरकत होता. महिनाभराची मापं वाया गेली. आमचे साहेब सगळ्यांसमोर ओरडले होते, की पाणी चुकत नाही, खूण चुकते. खूण जिथं केलीस ती जागा हलते का, हे आधी बघ. तेव्हापासून नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच ऐकवत आले. मोठ्या तोऱ्यात ऐकवत आले.

आमचं गाव सोनपेठ तालुक्यात, गोदावरीच्या काठावर. गावात पाण्याचं माप म्हणजे नंदी. महादेवाचं देऊळ अगदी घाटाच्या माथ्यावर. नंदी बाहेर उघड्यावर, नदीकडं पाठ करून बसलेला. नदी वाढली की माणसं एकमेकांना एकच विचारायची, "नंदीला लागलं का?" नंदीच्या खुराला पाणी लागलं की ठरलेली कामं असत. नदीकाठच्या पाण्याच्या मोटारी काढायच्या, आखाड्यावरची जनावरं सोडून गावात आणायची, खालच्या आळीतली धान्याची पोती वर न्यायची. आखाडा म्हणजे शेतातला गोठा आणि खोली. आमचा आखाडा ओढ्याच्या पलीकडं. नदी फुगली की पाणी ओढ्यात उलटं शिरतं आणि वाट बंद होते. खुराला पाणी लागलं तेव्हा ओढ्यात गुडघाभर पाणी असे, जनावरं घेऊन निवांत येता येई. हे कुणी मोजून ठरवलं नव्हतं, पण पिढ्यान्‌पिढ्या बरोबर आलं होतं. मी दुनियाभरची उपकरणं हाताळली. त्या दगडी बैलाइतकं बिनतक्रार चालणारं एकही बघितलं नाही.

मग गावानं जीर्णोद्धार काढला.

त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता, हेच तर जास्त चिडवणारं आहे. रस्ता दरवर्षी उंच होत गेला होता, देऊळ खड्ड्यात गेल्यासारखं दिसायचं. समितीनं ठरवलं, देव वर घ्यायचा. पाच फुटांचं नवं जोतं बांधलं. वाजतगाजत पिंड वर बसवली. नंदी दोरखंड लावून वर चढवला, त्याच्या मागं, नदीच्या बाजूनं सात नव्या पायऱ्या केल्या. माझ्या भावानंही त्या दिवशी दोर ओढला. त्यानं मला तिकडं व्हिडिओ कॉल लावला होता. गुलाबी फरशी की हिरवी, हे त्यानं मला विचारलं आणि मी तंबूत बसून गुलाबी म्हणाले. नंदी वर चढताना मी माझ्या डोळ्यांनी बघितला आणि "लय छान दिसायलाय" म्हणाले. बाजूला माझी नोंदवही उघडी होती. त्या दिवशी तळ्याची पातळी दोन बोटं वाढली होती आणि मी खाली वस्तीत निरोप दिला होता.

नंदी वर गेला, सवय तशीच राहिली. "नंदीला लागलं का?" हा प्रश्न कुणी पाच फूट वर उचलून ठेवला नाही, कारण त्याला उचलावं लागतं हे कुणाच्या डोक्यात आलंच नाही. पाणी तेच, ओढा तोच, आखाडा तोच. इशारा देणारा तेवढा वर जाऊन बसला. पुढची दोन वर्षं पाऊसच बेताचा झाला, म्हणून चूक उघडी पडली नाही.

तिसऱ्या वर्षी मी महालक्ष्म्यांना सुट्टी काढून आले. मानवत रोड स्टेशनला उतरून एसटी बदलत बदलत गावात पोहोचले तेव्हा कडक ऊन होतं. गावात आठ दिवस पावसाचा थेंब नव्हता. पाऊस वर, लांब डोंगरात झाला होता, धरणं भरली होती आणि वरून पाणी सोडलं जात होतं. आमच्याकडं पूर येतो तो असा, कोरड्या अंगणात. आभाळाकडं बघून तो कळत नाही.

कचेरीचे मेसेज मोबाइलच्या ग्रुपवर येत होते. जुलैपासून येत होते, एक दिवसाआड. इतके हजार क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. सतर्क राहावे म्हणजे नेमकं काय करावे? मोटार काढावी, की नुसतं उभं राहून नदीकडं बघावं? क्युसेक म्हणजे माझ्या आखाड्यात घोट्याला पाणी की गळ्याला, हे त्या मेसेजात कधी आलं नाही. लोकांनी तो ग्रुप केव्हाच बंद करून ठेवला होता. मी त्या सकाळी कचेरीत फोन लावला. विचारलं, आमच्या गावात पाणी कुठपर्यंत येईल? पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, मेसेज पाठवलाय ना सगळ्यांना?" मी परत विचारलं. तो म्हणाला, "तेच सांगायलोय, मेसेज गेलाय." मेसेज गेला म्हणजे त्याचं काम संपलं. मी फोन ठेवला आणि आईसमोर त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. आई म्हणाली, सणाच्या दिवशी तोंड आवर.

भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. सकाळीच आखाड्यावर गेला होता. बैलांना वैरण टाकायची होती आणि जमलं तर नदीवरची मोटार वर ओढायची होती. बैल म्हणजे त्याचा जीव. गावात बहुतेकांनी ट्रॅक्टर लावले, यानं जोडी सोडली नाही. दोन्ही बैल वासरं असल्यापासून त्यानंच वाढवलेले. वहिनी पेडगावची, ती थट्टेनं म्हणायची की माझ्या माहेरचं कुणी आजारी पडलं तर हे उद्या बघू म्हणतात, आणि बैलानं वैरण सोडली तर रात्रभर बसतात.

दुपारी बाराच्या सुमाराला त्याचा फोन आला.

"अक्का, नदीचा आवाज वाढलाय जरा. जाऊन बघ की, नंदीला लागलं का?"

मी पायात चप्पल घातली आणि घाटावर गेले. पाणी लालभडक, वेगानं चाललेलं. घाटाचा जुना माथा, म्हणजे जोत्याचा पायथा, तिथं पाणी येऊन टेकलं होतं. वर सात पायऱ्या कोरड्या. त्यांच्या वर नंदी, गळ्यात झेंडूची माळ. चार-पाच माणसं रेलिंगला टेकून बघत होती. सगळे निवांत.

मी तिथूनच फोन लावला. म्हणाले, "न्हाई, लय खाली हाय. सात पायऱ्या कोरड्या हायेत. बिनघोर राहा."

"बरं. मग मोटार सोडवून घेतो आरामात," तो म्हणाला.

बिनघोर राहा, हे वाक्य मी बोलले. गावातल्या कुणा अडाण्यानं नाही, कचेरीतल्या त्या माणसानं नाही. ज्या बाईला हलती खूण कशी ओळखायची याचा पगार मिळतो, त्या बाईनं हलवलेली खूण वाचली आणि सख्ख्या भावाला बिनघोर राहा म्हणून सांगितलं. जिथं पाणी टेकलं होतं ती नंदीच्या खुराची जुनी जागा होती. लहानपणापासून तिथं मी नदीकडं पाय सोडून बसत आले होते.

घरी आले. आई पुरण वाटत होती, तिला मदतीला बसले. अर्ध्या तासानं खालच्या आळीतली एक म्हातारी आली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, तोंडावर वैताग. म्हणाली, "बाई, तुमच्याकडं नळ आलाय का? माझ्या घरात पाणी शिरायलंय. पाइप फुटलाय जणू कुठं तरी."

आई म्हणाली, "नदीचं तर न्हाई ना?"

"नदीचं कसं असंल? नंदी कोरडा ठण्ण हाय. आताच बघून आले."

म्हातारीच्या घरात गुडघ्याएवढं पाणी, आणि ती नळाचा पाइप शोधत होती. मी हसणार होते. तोंड उघडलं आणि हसू तिथंच थांबलं. पाच फूट. मी पुरणाच्या हातानंच फोन उचलला. रिंग जात राहिली. तो उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा लावला. नंतर कळलं, मोटार ओढताना भिजू नये म्हणून त्यानं फोन दस्तीत, म्हणजे रुमालात, गुंडाळून आखाड्यातल्या खुंटीला टांगला होता. माझे सगळे फोन बैलांनी ऐकले.

मी ओढ्याकडं पळाले. ओढा राहिलाच नव्हता. इकडच्या बांधापासून तिकडच्या उसापर्यंत एक सपाट लाल पाणी, आणि ते नदीकडं जात नव्हतं, नदीकडून येत होतं. पलीकडं आखाड्याचे पत्रे दिसत होते. भाऊ दिसत नव्हता. मी ओरडले. माझ्या मागं गोळा झालेली माणसं ओरडली. एक जण म्हणाला, "अजून नंदीला लागलंबी न्हाई आन् हितं एवढं कसं?" मी त्याच्या अंगावर धावून गेले. त्याची काही चूक नव्हती. पण त्या वेळी कुणाच्या तरी अंगावर जाणं मला भाग होतं.

भाऊ चिंचेवर होता. मोटारीपाशी असताना पाणी मागून आलं, त्याच्या आणि आखाड्याच्या मधून. तो आखाड्याकडं निघाला तेव्हा मधल्या खोलगटात छातीभर पाणी होतं आणि पाण्याला ओढ होती. दोनदा शिरला, दोनदा मागं ढकलला गेला. मग जवळची चिंच धरली. तिथून आखाडा दिसत होता. बैल खुंट्याला आखूड दाव्यानं बांधलेले, कारण दुपारची वैरण चालू होती आणि ते एकमेकांच्या गव्हाणीत तोंड घालायचे. मान वर करायला दाव्यात जागा नव्हती.

खालच्या गावचे मासे धरणारे दोघे होडी घेऊन आले तेव्हा दिवस मावळायला आला होता. कचेरीची बोट निघाल्याचा मेसेज तेवढ्यात आला. बोट आली नाही. त्या दोघांनी भावाला उतरवून काठावर आणलं. थंडीनं त्याचे दात वाजत होते. वहिनीनं त्याच्या अंगावर चादर टाकली. मी पुढं झाले. तो मला म्हणाला, "आधी एकजण हंबरायचा थांबला. दुसरा लय वेळ हंबरत होता." एवढंच बोलला आणि खाली बसला.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. सबंध पुरात पाणी नंदीच्या खुराखाली एक वीत येऊन थांबलं होतं. फरशीवर चिखलाची रेघ स्वच्छ दिसत होती. आणि संध्याकाळी लाऊडस्पीकर सुरू झाला. गावात आरती. देव पावला, म्हणत होते. एवढा मोठा पूर आला, पण नंदीच्या खुराला पाणी लागलं नाही! जीर्णोद्धाराचं फळ मिळालं! लोक नारळ घेऊन येत होते. आमच्या आखाड्यात दोन बैल फुगून पडले होते, त्यांना ओढायला अजून जेसीबीसुद्धा मिळाला नव्हता.

मी देवळात गेले आणि आरती थांबवली. असं कुणी करत नाही, मलाही आधी कुणी सांगितलं असतं तर मी करीन असं वाटलं नसतं. तळपायाची आग मस्तकात गेली होती. समितीच्या अध्यक्षांना, ज्यांना मी जन्मापासून काका म्हणते, मी सुनावलं, "काका, नंदीला पाणी लागलं न्हाई ते तुमी त्याला वर नेला म्हणून. मागच्या जागी असता तर दुपारीच लागलं असतं, आन् बैल वाचले असते."

काका म्हणाले, "बाई, दुःख झालंय तुला, आमाला कळतंय. पण हिमालयात राहून यायलीस आन् महादेवालाच नावं ठेवायलीस?"

"महादेवाला न्हाई. मी तुमाला नावं ठेवायले. आन् मला."

कुणी हसलं नाही, कुणी रागावलं नाही. ते जास्त वाईट होतं. सगळे माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते की सदमा बसलाय बिचारीला. मी म्हणाले, निदान जोत्याच्या पायथ्याशी लाल रेघ मारा. जुन्या खुराची जागा. तिथं पाणी आलं की जनावरं सोडायची. काकांनी मान हलवली. म्हणाले, "बघू, मीटिंगमधी घेऊ. फरशीला रंग लागंल पण."

मी मीटिंगची वाट बघितली नाही. पहाटे सोनपेठहून आणलेला ऑइलपेंट घेऊन मी स्वतः रेघ मारली, चांगली चार बोटं रुंद. दुपारपर्यंत कुणी तरी थिनरनं पुसून फरशी धुऊन काढली होती. कोण, ते कुणी सांगितलं नाही. सगळ्या गावानं कानावर हात ठेवले. मी दुसऱ्या दिवशी परत मारली. परत पुसली गेली, पण या वेळी नीट नाही, लालसर डाग राहिला.

तिसऱ्या दिवशी आखाडा वाळला. भाऊ घरातून हलत नव्हता. जेवत होता, आंघोळ करत होता, पण कुणी काही विचारलं की एकच म्हणायचा, "मी आधी बैल सोडायला पायजे होते. मोटारीच्या नादी लागलो." आई म्हणे, देवाची मर्जी. वहिनी म्हणे, तुम्ही वाचलात हेच लय. मला वाटत होतं, त्यानं माझ्यावर ओरडावं. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो मात्र सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेऊन बसला होता, आणि मी त्याला अजून तोंड उघडून सांगितलं नव्हतं. देवळात सगळ्या गावासमोर ओरडले होते, पण घरात, त्याच्यासमोर, नाही.

मी त्याला म्हणाले, "चल आखाड्यावर." तो नको म्हणाला. मी त्याचा हात धरून उठवलं.

आखाड्याच्या भिंतीवर पुराची रेघ होती. खाली चिखलाचा रंग, वर कोरडा चुना, मधे सरळ ओळ. मी त्याला समजावून सांगितलं, नवीन मुलांना शिकवते तसं, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात मला ते सांगता आलं नसतं. पूर सगळ्यांत वर गेला तेव्हा पाणी देवळात नंदीच्या खुराखाली एक वीत होतं आणि इथं या रेघेवर होतं. म्हणजे आताच्या जागी नंदीच्या खुराला लागलं असतं तर इथं या रेघेच्या वर एक वीत आलं असतं. मी भिंतीवर वीत मोजली आणि तिथं बोट ठेवलं.

भाऊ माझ्या बोटाकडं बघत राहिला. मग पुढं आला, भिंतीला पाठ लावली आणि टाचा जुळवून उभा राहिला. माझं बोट त्याच्या हनुवटीच्या पातळीला आलं.

तिथूनच त्यानं खुंट्याकडं बघितलं, रिकाम्या गव्हाणीकडं बघितलं.

"अक्का," तो म्हणाला, "म्हंजे इथवर पाणी आल्यावर तू मला 'लागलं' म्हणून सांगणार होतीस?"

मी बोट भिंतीवरून काढलं नाही. म्हणाले, "हो."